कोंड्यात गेलेले मॅग्नेशियम

रात्री झोपेत पोटरीला वांब आले की मॅग्नेशियम कमी पडले असे मानायचे आणि गोळ्या सुरू करायच्या, हा सल्ला हल्ली जाहिरातींतून आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांकडूनही मिळतो. वयस्कर माणसांच्या अशा वांबांवर या गोळ्यांचा लक्षणीय उपयोग होण्याची शक्यता कमी आहे, असा निष्कर्ष वैद्यकीय संशोधनांचे एकत्रित मूल्यमापन करणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२० सालच्या आढाव्यात निघाला आहे. मॅग्नेशियम मात्र खरोखरच आवश्यक आहे. पेशींना ऊर्जा पुरवणारा एटीपी हा रेणू बहुतेक वेळा मॅग्नेशियमशी जोडलेल्या रूपातच कामाला येतो. प्रौढ माणसाच्या शरीरात ते सुमारे २५ ग्रॅम असते, त्यातले निम्म्याहून अधिक हाडांत आणि रक्तद्रवात एक टक्क्याहूनही कमी. म्हणून केवळ रक्ताच्या अहवालावरून शरीरातील साठ्याचा पूर्ण अंदाज येत नाही.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार पुरुषाला रोज ४४० आणि स्त्रीला ३७० मिलिग्रॅम मॅग्नेशियम हवे. हे कोठून मिळते, हे समजण्यासाठी धान्याच्या दाण्याची रचना पाहिली पाहिजे, आणि मला स्वतःला या विषयातला सर्वांत सुंदर भाग तोच वाटतो.

दाणा म्हणजे उद्याच्या रोपाची शिदोरी. तिच्यातील पिष्ट (स्टार्च) मध्यभागी असते, परंतु खनिजे मुख्यतः अंकुरात आणि पिष्टाभोवतीच्या पातळ पेशीथरात साठवलेली असतात. कोवळ्या रोपाला फॉस्फरस लागतो, आणि वनस्पती तो फायटिक आम्लाच्या रूपात साठवते. या आम्लाच्या प्रत्येक रेणूवर सहा फॉस्फेट गट असतात. त्यांच्यावर ऋण विद्युतभार असल्यामुळे ते मॅग्नेशियम आणि पोटॅशियमच्या धन आयनांना धरून ठेवतात आणि त्यांचे सूक्ष्म गोलक त्या थरातील पेशींत तयार होतात. दाण्याला पाणी मिळून मोड येऊ लागले की फायटेज हे विकर (एन्झाइम) एकेक फॉस्फेट तोडते आणि अडकलेले मॅग्नेशियम मोकळे होते.

गिरणीत तांदूळ पांढरा होईपर्यंत सडला जातो तेव्हा नेमका हा थर आणि अंकुर कोंड्याबरोबर निघून जातो. म्हणून १०० ग्रॅम असडीक तांदळात सुमारे ९० मिलिग्रॅम मॅग्नेशियम असते, तर पॉलिश केलेल्या तांदळात जेमतेम २० उरते. मैद्याची स्थिती तशीच आहे. ज्वारी, बाजरी आणि नाचणी आपल्याकडे सालासकट दळली जातात, त्यामुळे त्यांच्या १०० ग्रॅम पिठात साधारण १२० ते १५० मिलिग्रॅम मॅग्नेशियम टिकते. गव्हाची कणीकही त्याच पंक्तीत बसते, मात्र ती बारीक चाळणीने चाळून कोंडा टाकून दिला नाही तरच.

येथे एक रास्त शंका येते. जे आम्ल मॅग्नेशियम धरून ठेवते, ते आतड्यातही ते सोडणार नाही का? काही अंशी हे खरे आहे. आहारातील मॅग्नेशियमपैकी साधारण ३० ते ४० टक्केच शोषले जाते. शिफारशीचे आकडे मात्र ही घट धरूनच ठरवलेले असतात. शिवाय कडधान्य भिजवून मोड आणणे, नाचणीचे पीठ आंबवून आंबील करणे, या जुन्या रीतींनी फायटिक आम्ल कमी होते, म्हणजे रोपासाठी असलेली किल्ली आपण आपल्या उपयोगासाठी फिरवतो.

हिशेब करून पाहता येईल. दिवसभरात २०० ग्रॅम पांढऱ्या तांदळाचा भात खाल्ला तर त्यातून सुमारे ४० मिलिग्रॅम मिळतात; तेवढ्याच ज्वारीच्या पिठाच्या भाकऱ्यांतून २६० च्या आसपास. चटणीत किंवा कुटाच्या रूपाने ३० ग्रॅम शेंगदाणे पोटात गेले तर आणखी ५० मिळतात, आणि उसळ व पालेभाजी जोडली की स्त्रीसाठी सांगितलेला आकडा दूर राहत नाही. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय मॅग्नेशियमच्या गोळ्या घेऊ नयेत, कारण जास्तीचे मॅग्नेशियम बाहेर टाकण्याचे काम मूत्रपिंडच करते.