सेट-टॉप बॉक्सवरचं रेकॉर्डिंग पेनड्राइव्हमधून कुठेही चालतं?

‘डीटीएचच्या बॉक्सला पेनड्राइव्ह लावा, मालिका रेकॉर्ड करा आणि कुठल्याही टीव्हीवर किंवा कॉम्प्युटरवर बघा’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. तो पटतोही, कारण आपले घरचे व्हिडिओ पेनड्राइव्हवरून टीव्हीवर सहज चालतात.

रेकॉर्डिंगचं मात्र वेगळं आहे. उपग्रहावरून येणारे पे-चॅनेल कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्टेड असतात. बॉक्स ते उलगडून पडद्यावर दाखवतो, पण पेनड्राइव्हवर साठवताना पुन्हा कुलूप लावतो. त्याची किल्ली त्याच बॉक्समध्ये राहते. त्यामुळे शेजारच्या घरातला त्याच कंपनीचा बॉक्ससुद्धा सहसा ते रेकॉर्डिंग उघडू शकत नाही.

खात्री करायला एक रिकामा पेनड्राइव्ह घ्या. रिकामाच घ्या, कारण बरेच बॉक्स आधी तो फॉरमॅट करतात आणि त्यातले फोटो कायमचे जातात. हे त्या सल्ल्यात कुणी सांगत नाही. पाच मिनिटं रेकॉर्ड करून तो कॉम्प्युटरला लावा. एकतर ड्राइव्ह ओळखलाच जाणार नाही किंवा फाइल उघडणार नाही. कॉम्प्युटरने फॉरमॅट करायला विचारलं तर नकार द्या. मग तोच ड्राइव्ह मूळ बॉक्सला लावा, रेकॉर्डिंग चालेल.

म्हणून नवा रेकॉर्डर निवडताना ‘कॉपी करता येईल का’ यापेक्षा जागा बघा. 8 एमबीपीएसचं (सेकंदाला 8 मेगाबिट) एचडी चॅनेल तासाला साधारण 3.6 जीबी घेतं. आणि बॉक्स बदलून मिळणार असेल, तर जपलेले कार्यक्रम जुना परत देण्याआधी बघून घ्या.