कानात बसलेले दडे

सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागांच्या शेजारी जो वाढला, त्याला धोट्याचा खडखडाट जाणवत नाही; माग थांबले की मात्र लगेच कळतं. आमच्या गल्लीतले एक विणकर काका पाळी संपवून घरी आले की त्यांच्याशी मोठ्याने बोलावं लागे. “कानात दडे बसलेत, थांब जरा,” म्हणायचे. जेवणं होईपर्यंत दडे सुटत. पुढे पुढे ते सुटेनासे झाले. चहाची हाक ऐकू यायची, नातीचं बारीक आवाजातलं बोलणं मात्र निसटून जायचं.

सील हा बहुतांशी थंड समुद्रातला प्राणी, आपल्या किनाऱ्यावर न दिसणारा. पण त्याचा आतला कान आपल्यासारखाच आहे: शंखासारखी गुंडाळलेली नळी आणि तिच्यात ध्वनीच्या लाटेबरोबर डुलणाऱ्या केसपेशी. फार वेळ मोठा आवाज पडला की या पेशी थकतात, तेच दडे. विश्रांती मिळाली तर सावरतात. मेल्या तर सस्तन प्राण्यांत त्या पुन्हा उगवत नाहीत.

सील किती ऐकतो हे त्यालाच विचारता येतं. आवाज ऐकू आला की ठरलेल्या जागी नाक लावायचं, बदल्यात मासा मिळतो. आवाज हळूहळू बारीक करत गेलं की त्याच्या ऐकण्याची हद्द सापडते. कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझच्या प्रयोगशाळेतून 1999 साली आलेल्या अभ्यासात, वीसेक मिनिटांच्या गोंगाटानंतर हार्बर सील या किनाऱ्याजवळ राहणाऱ्या जातीच्या सीलची श्रवणशक्ती सुमारे 5 डेसिबलने घटली आणि 24 तासांत पूर्ववत झाली.

मला त्याच गटाचा पुढचा प्रयोग जास्त अस्वस्थ करतो. एका हार्बर सीलला 4.1 किलोहर्ट्झ पट्टीचा सूर पाण्याखाली ऐकवत त्याची पातळी पायरीपायरीने वाढवली. बराच काळ काहीच फरक पडला नाही. मग 181 डेसिबलला, अवघ्या 60 सेकंदांत, त्याची श्रवणशक्ती एकदम 47 डेसिबलहून जास्त घसरली. ही मोठी घसरण ऐकवलेल्या सुरावर नव्हे, त्याच्या वरच्या 5.8 किलोहर्ट्झला होती. माणसाच्या कानातही इजा अशीच आवाजाच्या थोडी वरच्या पट्टीत उमटते. 4.1 ला ऐकणं दोन दिवसांत सुधारलं. 5.8 ला किमान 8 डेसिबलची तूट राहिली आणि दहा वर्षांनंतरही ती भरली नव्हती. आधीच्या पायऱ्यांवर धोक्याची कसलीही खूण दिसली नव्हती, हे विसरता येत नाही.

मात्र पाण्यातले 181 म्हणजे हवेतले 181 नव्हेत. दोन्हीकडे डेसिबल ज्या शून्यापासून मोजतात तो वेगळा आणि पाण्याची घनताही वेगळी. तीव्रतेची तुलना करायची तर पाण्यातल्या आकड्यातून साधारण 62 वजा करावे लागतात.

समुद्रात हा गोंगाट जहाजांचा असतो आणि पवनचक्क्यांसाठी तळात ठोकल्या जाणाऱ्या लोखंडी खांबांचाही. इंग्लंडच्या ‘द वॉश’ आखाताजवळ 2012 साली असं काम चालू असताना 24 हार्बर सीलांवर मागोवा घेणारी यंत्रं बसवली होती. त्यातल्या निम्म्यांच्या कानावर कायमची इजा होण्याइतका आवाज पडला असावा, असं गणित निघालं. हे गणित आहे, त्यांचे कान कोणी तपासले नाहीत.

ऐकू येईनासं झालं तर सील उपाशी मरेलच असं नाही. माशाने पाण्यात मागे सोडलेली हालचाल त्याला मिशांनी कळते. पण शत्रू ओळखायला कानाची मोठी मदत होते. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर ओर्का या काळ्या-पांढऱ्या शिकारी सागरी प्राण्यांचे दोन प्रकार आहेत, मासे खाणारे आणि सील खाणारे. तिथले हार्बर सील ओळखीच्या मासेखाऊ ओर्कांच्या हाका ऐकूनही निवांत राहतात आणि सीलखाऊंच्या हाका येताच दूर जातात, असं 2002 साली ध्वनिमुद्रणं ऐकवून दाखवलं गेलं. इतका बारीक फरक करणारा कान आहे तो.

जर्मनीत खांब ठोकताना 750 मीटरवर एका ठोक्याची ध्वनिऊर्जा 160 डेसिबलच्या आत ठेवावी लागते. त्यासाठी खांबाभोवती तळावर भोकं पाडलेली नळी अंथरून हवा सोडतात. वर चढणाऱ्या बुडबुड्यांच्या पडद्यात आवाजाचा मोठा भाग अडतो. चालत्या जहाजाभोवती असा पडदा अंथरता येत नाही. तिथे वेग कमी करणं आणि जहाज ढकलणाऱ्या पाण्यातल्या पंख्याची रचना सुधारणं, हे मुख्य मार्ग हाताशी आहेत.