तोफांच्या आवाजाने गडावरचे झरे आटत असत का?

रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्र’ या मराठेशाहीतील राज्यकारभारावरच्या ग्रंथात गडाच्या पाण्याविषयी एक विलक्षण सूचना आहे. गडावर झरा आहे आणि जेमतेम पाणी पुरते, एवढ्यावर निश्चिंत राहू नये. कारण झुंजीच्या वेळी भांड्यांच्या, म्हणजे तोफांच्या, आवाजाने झरे कमी होतात आणि पाण्याचा खर्च मात्र वाढतो, असे तेथे सांगितले आहे. हे खरोखर घडत असेल का, असा प्रश्न आज वाचणाऱ्याला पडतोच.

सह्याद्रीचे डोंगर सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाच्या थरांचे आहेत. अखंड काळ्या पाषाणातून पाणी जवळजवळ झिरपत नाही. ते भेगांमधून आणि झिजलेल्या, सच्छिद्र थरांमधून उतरते आणि खाली घट्ट थर लागला की आडवे वाहत कड्याच्या पोटातून झरा होऊन बाहेर येते. मोठ्या भूकंपाने अशा भेगा उघडतात किंवा बुजतात आणि झऱ्यांचे प्रवाह बदलतात, हे अनेक ठिकाणी नोंदले गेले आहे. तोफेच्या आवाजात मात्र तेवढे बळ नसते. हवेतून आलेल्या ध्वनीची बहुतेक सर्व ऊर्जा खडकावर आपटून परत फिरते. हजारातला एक भागही आत शिरत नाही.

तरीही अमात्यांच्या काळातील लोकांचे निरीक्षण चुकीचे होते असे मला वाटत नाही. दसऱ्याला सीमोल्लंघन करून फौजा मोहिमेवर निघत आणि पावसाळ्याच्या तोंडाशी छावणीला परतत. म्हणजे तोफा बहुधा ज्या महिन्यांत धडाडत, त्याच महिन्यांत डोंगरात मुरलेले पाणी संपत येऊन झरे आपोआप बारीक होत असत. दोन्ही गोष्टी वर्षानुवर्षे एकत्र दिसल्यावर एकीचे खापर दुसरीवर फोडले जाणे स्वाभाविक होते.

खर्च वाढण्याविषयीचे म्हणणे तर अगदी अचूक आहे. तोफ डागल्यावर नळीत धुमसणारे कण राहिले, तर पुढची दारू भरतानाच पेट घेई. म्हणून ओल्या बोळ्याने नळी पुसावी लागे. शिवाय आगी विझवणे, जखमा धुणे आणि आश्रयाला आलेली माणसे व जनावरे यांची तहान होतीच. हजार माणसांना रोज केवळ १० लिटर पाणी धरले, तरी आठ कोरड्या महिन्यांसाठी २४ लाख लिटर लागतात; म्हणजे ४० मीटर लांब, २० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल असे काठोकाठ भरलेले तळे. उन्हाने होणारी वाफ यात धरलेलीच नाही. खडकाच्या पोटात कोरलेल्या, सावलीतल्या खांबटाक्यांचे मोल येथे कळते.

आज्ञापत्रातला उपायही याच हिशेबाला धरून आहे: जखिऱ्याचे, म्हणजे राखीव साठ्याचे, पाणी म्हणून दोन-चार टाकी वेगळी बांधावीत आणि त्यांतले पाणी एरवी खर्च होऊ देऊ नये.