शूटिंग बॅग (ठासणीच्या बंदुकीची थैली)

ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी ठासून भरायच्या, बंदुकीने शिकार करणारा माणूस बार भरण्याचे सगळे सामान ज्या चामडी थैलीत ठेवतो, ती शूटिंग बॅग. शॉट पाउच आणि हंटिंग पाउच ही तिचीच नावे. अठराव्या शतकात उत्तर अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया, व्हर्जिनिया, कॅरोलायना या भागांत तिला जे रूप आले तेच आजचे कारागीर समोर ठेवतात. पेनसिल्व्हेनियातील लँकेस्टर आणि आसपासच्या जर्मन वंशाच्या बंदूककारांनी घडवलेली लांब नळीची रायफल ही तिची जोडीदारीण. ही रायफल पुढे ‘केंटकी रायफल’ म्हणून गाजली.

त्या काळच्या सैनिकाकडे अशी थैली नसे. त्याच्या मस्केटसाठी (आतून गुळगुळीत नळीच्या बंदुकीसाठी) दारू आणि गोळी एकत्र बांधलेली कागदी काडतुसे तयार मिळत आणि ती तोसदानात, म्हणजे कमरेच्या काडतूसपेटीत, रचलेली असत. रायफलीचे तसे नव्हते. प्रत्येक बंदूककाराची नळी वेगळी, तिच्या आतली आटेदार खाच वेगळी. त्यामुळे बंदुकीबरोबर गोळ्या ओतायचा साचाही त्याच मापाचा करून मिळे. शेजाऱ्याच्या गोळ्या उसन्या घेऊन भागत नसे. 14 जून 1775 रोजी अमेरिकी काँग्रेसने पेनसिल्व्हेनियाच्या सहा आणि मेरीलँड व व्हर्जिनियाच्या प्रत्येकी दोन अशा रायफलधाऱ्यांच्या दहा तुकड्या उभारायला मंजुरी दिली, तेव्हा सीमेवरचे हे शिकारी आपापल्या थैल्या घेऊनच ब्रिटिशांविरुद्धच्या लढाईत उतरले.

या बंदुकीची परिभाषा मराठीला परकी नाही. कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीच्या बंदुका अजूनही आढळतात (शिकारीला मात्र 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे). गज (ठासायची सळई), घोडा (गार धरून आपटणारा भाग), चाप, गार (ठिणगी पाडणारा दगड), बार हे शब्द इथेही जसेच्या तसे चालतात. कानाजवळच्या, म्हणजे ठिणगी आत पोचवणाऱ्या नळीच्या बुडाच्या भोकाजवळच्या, पेल्यात टाकायच्या बारीक दारूला रंजक म्हणतात. तिचा करमणुकीशी काही संबंध नाही.

थैली अशी का, हे बार भरताना पाहिल्याशिवाय कळत नाही. थैलीच्या पट्ट्याला किंवा वेगळ्या दोरीला बैलाच्या शिंगाची दारूदाणी लटकलेली असते. तिच्यातून दारू आधी मापात ओतायची, मग नळीत. माप बहुधा हरणाच्या शिंगाचे टोक कोरून केलेले असते. दारूदाणी थेट नळीला लावायची नाही, कारण आधीच्या बाराची ठिणगी आत धुमसत असली तर हातातले अख्खे शिंग उडते. .50 कॅलिबरच्या (अर्धा इंच व्यासाच्या नळीच्या) रायफलीला 70 ग्रेन, म्हणजे सुमारे साडेचार ग्रॅम दारू साधारण पुरते. त्यावर चरबी आणि मधमाशीचे मेण लावलेली कापडाची चकती, चकतीवर .490 इंचाची शिशाची गोळी. उरलेले कापड छोट्या सुरीने नळीच्या तोंडाशी कापायचे आणि गजाने सगळे तळापर्यंत ठासायचे. शेवटी पेल्यात चिमूटभर रंजक. या साऱ्यात नजर सावजावर असते, म्हणून प्रत्येक वस्तू हाताला न बघता सापडली पाहिजे. वारंवार लागणारी माप, कान साफ करायची तार आणि पेला झाडायचा कुंचला ही मंडळी पट्ट्याला बाहेरच लटकतात. सुरीचे म्यान पट्ट्यावर किंवा थैलीच्या पाठीला शिवलेले असते. आत गोळ्या, चकत्या, चामड्यात गुंडाळलेल्या दोन-तीन जादा गारा, पेचकस आणि नळीत अडकलेली चकती ओढून काढायचा पिळाचा आकडा.

नवशिक्याची थैली हमखास मोठी असते. मग गोळी हवी असताना हातात पेचकस येतो. जुन्या अस्सल थैल्या बहुतेक सात-आठ इंच रुंदीच्याच आहेत, आणि त्या कोपराच्या जवळ, उंच बांधल्या जात; धावताना मांडीवर आपटणारी थैली काय कामाची? उजव्या हाताने नेम धरणारा ती उजव्या कुशीला घेतो, पट्टा डाव्या खांद्यावरून येतो. झाकणाचे प्रकार पुष्कळ, त्यांतले बीव्हरच्या शेपटीसारखे लांबट गोल झाकण विशेष ओळखीचे. काहींच्या झाकणावर अस्वलाची किंवा बॅजरची केसाळ कातडी लावलेली दिसते. ग्रेट लेक्स परिसरातील ओजिब्वे या मूळ रहिवाशांच्या मणीकामाच्या बँडोलियर (खांद्यावरून आडव्या घ्यायच्या) बॅगा सैनिकांच्या काडतुसांच्या थैल्यांवरूनच आल्या. त्यांपैकी काहींना तर आत हात घालायला तोंडच नाही, इतक्या त्या निव्वळ मिरवायच्या झाल्या.

कातडे गाईचे, हरणाचे, बकऱ्याचे किंवा डुकराचे, पण झाडाच्या सालीने कमावलेले. तिकडे ओकची साल, आपल्या कोल्हापुरी चपलेच्या कातड्याला बाभळीची साल आणि हिरडा. हरणाचे कातडे ताणले जाते, म्हणून त्याला आतून लिननचे अस्तर देतात. कातड्याचे भाग उलटे ठेवून आरीने भोके पाडायची आणि मेण लावलेल्या लिननच्या दोऱ्याला दोन टोकांना दोन सुया ओवून, एकाच भोकातून समोरासमोर काढत शिवायचे, इंचाला सहा ते आठ टाके. असा टाका एका जागी तुटला तरी पुढचा उसवत नाही. शिवण पक्की व्हावी म्हणून दोन कडांमध्ये कातड्याची एक बारीक पट्टी धरतात. मग थैली पाण्याने मऊ करून सुलटी करायची. जाड कातडे असले तर इथे अंगठ्यांचा कस लागतो, आणि घाई केली तर कोपरा फाटतो. तपकिरी रंगाला अक्रोडाची साले. काळ्यासाठी गंजके खिळे काही आठवडे व्हिनेगरमध्ये भिजवून ते पाणी फिरवतात. सालीतले टॅनिन आणि लोह भेटले की कातडे बघता बघता काळे पडते. हिरडा आणि हिराकस (लोहाचा क्षार) यांची काळी शाई होते ती याच किमयेने.

अठराव्या शतकातल्या थैल्या फार थोड्या उरल्या. बंदूक लोखंडाची, ती टिकली. कातडे उंदीर, ओल आणि वापर यांत गेले. 1933 मध्ये अमेरिकेत नॅशनल मझल लोडिंग रायफल असोसिएशन स्थापन झाली. इंडियाना राज्यातल्या फ्रेंडशिप गावी तिच्या नेमबाजीच्या स्पर्धा भरतात. 1996 पासून कंटेम्पररी लाँगरायफल असोसिएशन ही बंदूक, दारूदाणी आणि थैली करणाऱ्या हयात कारागिरांची संघटना आहे. यांच्यातले काही जण नवी थैली घासून, मळवून, मुद्दाम ठिगळ लावून दोनशे वर्षांची भासवतात. कसब मोठेच, पण उद्या ती अस्सल म्हणून विकली जाऊ नये यासाठी कारागिराने तिच्यावर आपली खूण सोडणे बरे.

पेनसिल्व्हेनियात 1974 पासून केवळ गारेच्या बंदुकीसाठी हरणांच्या शिकारीचा वेगळा हंगाम असतो, तो नाताळनंतरच्या बर्फात. तेव्हा थैलीतून आणखी एक वस्तू निघते: चरबी चोळलेल्या कातड्याचे टोपरे. घोडा आणि पेला झाकून रंजक कोरडी ठेवणाऱ्या या टोपऱ्याला तिकडे ‘गाईचा गुडघा’ म्हणतात.