कोकमाचं तेल टाचेवर नक्की काय करतं?

हल्ली क्रीमच्या डबीवर 'कोकम एक्स्ट्रॅक्ट' दिसलं की लोक विचारतात, हे आपलं मुठेलच, म्हणजे कोकमाचं तेलच ना? तर नाही. सालीचा अर्क वेगळा, त्यात लाल रंगाचं अँथोसायनिन, आंबट हायड्रॉक्सिसिट्रिक अ‍ॅसिड, गार्सिनॉल वगैरे. मुठेल बियांचं, म्हणजे निव्वळ चरबी. रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडून सालीची आमसुलं केली की बिया अंगणात वाळवायच्या, कुटायच्या, पाण्यात उकळायच्या, वर आलेलं तेल थिजलं की गोळे वळायचे. नखाने खरवडावा लागतो इतका कडक गोळा.

कडक का, हीच खरी मजा आहे! तेलाच्या रेणूत ग्लिसरॉल नावाच्या कण्याला तीन फॅटी अ‍ॅसिड्स, म्हणजे कार्बनच्या लांब साखळ्या, जोडलेली असतात. मुठेलात निम्म्याहून जास्त स्टिअरिक आणि उरलेलं बरंचसं ओलेइक. दोघांत 18 कार्बन, पण स्टिअरिकची साखळी सरळ आणि ओलेइकची दुहेरी बंधामुळे मधेच वाकलेली. मुठेलाच्या बहुतेक रेणूंत दोन्ही टोकांना स्टिअरिक आणि मधे ओलेइक, म्हणजे सगळे रेणू जवळपास सारखेच, त्यामुळे ते एकमेकांना घट्ट चिकटून बसतात आणि वितळायला 40 अंशांच्या आसपास जावं लागतं. खोबरेल 24 लाच वितळतं म्हणून टाचेवरून लगेच ओघळतं, मुठेल चोळून मऊ करावं लागतं पण मग तिथेच टिकतं.

आता टाच. तळव्याला तेलग्रंथी अजिबात नसतात आणि वरचा मृत पेशींचा थर चांगला जाड असतो. चिऱ्याच्या भिंतीसारखं समजा, पेशी म्हणजे चिरे आणि मधली चरबी म्हणजे चुना. पाणी उडून गेलं की हा थर ताठर होतो, वर अंगाचं वजन पडतं आणि तो तडकतो. लोक म्हणतात अंगात उष्णता वाढली म्हणून भेगा पडल्या, त्याला काही आधार नाही. मुठेलाचा थर पाणी उडणं कमी करतो, पेशी पुन्हा ओलावा धरतात, कातडी लवचिक होते, बस्स. कोलेजन वाढवतं, त्वचा नवी करतं हे जाहिरातवाल्यांचं, आणि नैसर्गिक आहे म्हणून कुणालाच त्रास होणार नाही हेही खरं नाही.

म्हणून रात्री पाय धुऊन, टिपून, टाच दमट असतानाच लावा आणि मोजे घाला. भेगेतून रक्त येत असेल किंवा डायबेटिस असेल तर मात्र घरगुती उपायांत वेळ घालवू नका, सरळ डॉक्टरला दाखवा.