बिनहाडाचे मांस आणि हाडासकट मांस: राखणीच्या कुत्र्याच्या आहारातील घोळ

वस्तीवर राखणीला असलेल्या किंवा मेंढरांमागे चालणाऱ्या कुत्र्याला नुसत्या भाकरीवर ठेवू नये, हे आता बहुतेकांना पटले आहे. अशा कुत्र्याला प्रथिनांइतकीच चरबीही लागते, कारण तासन्‌तास चालण्याची ताकद त्याचे शरीर मुख्यतः चरबीतून काढते. घोळ होतो तो ‘मी मांस घालतो’ या वाक्यापाशी. एक जण कुत्र्याला बिनहाडाचे तुकडे घालतो, दुसरा कोंबडीच्या माना आणि पाय घालतो, आणि दोघेही आपण एकच गोष्ट करतो असे समजून एकमेकांना सल्ले देतात.

फरक आहे तो कॅल्शियमचा. कुत्र्याच्या आहारात फॉस्फरसच्या किमान बरोबरीने आणि फार तर दुपटीने कॅल्शियम असावे लागते. बिनहाडाच्या मांसात मात्र फॉस्फरस कॅल्शियमच्या पंधरा-वीस पट असतो, आणि कलेजीत ही तफावत आणखी मोठी असते. ज्वारी-बाजरीतही फॉस्फरसच अधिक असल्याने सोबतच्या भाकरीने ही तूट भरून निघत नाही. नाचणीची भाकरी त्या मानाने बरी. आहारातून कॅल्शियम मिळाले नाही की शरीर ते स्वतःच्या हाडांतून काढून रक्तातली पातळी राखते. त्यामुळे रक्ततपासणीत कॅल्शियम ठीक दिसते आणि मालक निर्धास्त राहतो. मोठ्या कुत्र्यात हे पुष्कळ दिवस लपते, पण वाढत्या पिल्लाचे पुढचे पाय बाकदार होतात, पंजे पसरतात, बांधावरून उडी मारायला ते कचरते आणि साध्या धडपडीत त्याचे हाड मोडते. अशा पिल्लाला मुडदूस झाला म्हणून उन्हात बांधण्याचा सल्ला ऐकला की मला मनापासून वाईट वाटते. माणसाच्या कातडीत उन्हाने ड जीवनसत्त्व तयार होते, तसे कुत्र्याच्या कातडीत ते पुरेसे तयार होत नाही. ते त्याला अन्नातूनच मिळावे लागते, आणि इथे मुळात उणीव कॅल्शियमची असते.

उपाय स्वस्त आहे. अंड्याची टरफले धुऊन, तव्यावर कोरडी भाजून मिक्सरमध्ये पिठासारखी बारीक करावीत. बोटांना कणी लागली तर पुन्हा फिरवावीत. अर्धा किलो बिनहाडाच्या मांसाला या भुकटीचा अर्धा चहाचा चमचा पुरतो. मात्र हाडासकट माना-पाय खाणाऱ्या कुत्र्याला हीच भुकटी वरून घालू नये. विशेषतः मोठ्या चणीच्या जातीचे लहान पिल्लू जादा कॅल्शियम नाकारू शकत नाही, आणि त्याची हाडे त्यानेही बिघडतात.

हाड द्यायचेच असेल तर ते कच्चे द्यावे लागते, कारण शिजवलेल्या किंवा भाजलेल्या हाडाच्या अणकुचीदार फाका होऊन त्या घशात किंवा आतड्यात रुततात. ताटातली उरलेली हाडे रश्शासकट कुत्र्यापुढे ओतण्याची सवय मला अजिबात मान्य नाही. रश्श्यातला कांदाही कुत्र्याच्या रक्ताला घातकच असतो. उलट कच्च्या कोंबडीतून साल्मोनेलासारखे जंतू घरात येतात, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते मांस दुपारपर्यंतही टिकत नाही. म्हणून बिनहाडाचे मांस शिजवून, निवल्यावर त्यात टरफलाची भुकटी मिसळून देणे मी केव्हाही पसंत करतो.

मेंढपाळांनी तर एक गोष्ट काटेकोरपणे पाळावी. मेंढीची किंवा बोकडाची फुफ्फुसे आणि कलेजी कुत्र्याला कधीही कच्ची घालू नये. त्यांतील पाण्याने भरलेल्या गाठींमधून एक बारीक फीतकृमी कुत्र्याच्या आतड्यात वाढतो, त्याची अंडी विष्ठेतून चाऱ्यात, पाण्यात आणि कुत्र्याच्या अंगाखांद्यावर खेळणाऱ्या पोरांच्या हातांवर येतात, आणि माणसाच्या यकृतात किंवा फुफ्फुसात तशाच गाठी धरतात. गाठी दिसलेला अवयव शिजवण्याच्या भानगडीतही न पडता जाळून टाकावा किंवा कुत्र्याला उकरता येणार नाही इतका खोल पुरावा, आणि कुत्र्याला पशुवैद्यकाच्या सल्ल्याने जंताचे औषध नियमित द्यावे.