काळ्या रानात बाग करायची तर

कोल्हापुरात प्लॉटवर घर उभं राहिलं, पुढं-मागं थोडी जागा उरली आणि बागेचा विषय निघाला की पहिला सल्ला ठरलेला असतो: "माती चिकट आहे, दोन ट्रॉल्या वाळू टाका, मोकळी होईल." सल्ला देणारा मनापासून देतो. तरी तो ऐकण्याआधी हिशेब करून बघावा.

पंचगंगेच्या काठाला, कसबा बावडा, वडणगे या बाजूला जी भारी काळी माती आहे, तशा मातीत वजनानं निम्म्याच्या आसपास चिकणमातीचे कण असतात. असा कण ०.००२ मिलिमीटरपेक्षाही लहान. वाळूचा कण त्याच्या कितीतरी पट मोठा, त्यामुळे थोडी वाळू मिसळली तर वाळूच्या फटी हे बारीक कण भरून काढतात आणि वाळल्यावर माती आधीपेक्षा निबर होते. वाळूचा खरा उपयोग व्हायचा तर चिकणमातीचं प्रमाण पाव हिश्शावर आणावं लागेल, म्हणजे जेवढी माती तेवढीच वाळू. एक गुंठा जागा आठ इंच खोल धरली तर सात ब्रासहून जास्त (ब्रास म्हणजे शंभर घनफूट)! आजच्या दरात ते परवडणार नाहीच, पण बागेसाठी एवढी नदी उपसावी हेही मला पटत नाही.

मुळात या मातीचा स्वभाव खनिजातून आला आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून दख्खनचा बेसॉल्ट, म्हणजे आपला काळा दगड, तयार झाला. पाऊस बेताचा असतो तिथं हा दगड झिजताना कॅल्शियम, मॅग्नेशियम जमिनीतच राहतात आणि स्मेक्टाइट गटातली, म्हणजे पाण्यानं फुगणारी, चिकणमातीची खनिजं बनतात. त्यांचे पापुद्रे इतके पातळ असतात की याच गटातल्या मॉन्टमोरिलोनाइटचं, एक ग्रॅम शुद्ध खनिजाचं, सगळं पृष्ठफळ मोजलं तर ७०० ते ८०० चौरस मीटर भरतं. चिमूटभर मातीत सात-आठ गुंठे! या पापुद्र्यांच्या मध्ये पाणी शिरलं की माती फुगते, निघून गेलं की आकसते. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळेच. फुगलेल्या मातीत मात्र पाणी तासाला जेमतेम काही मिलिमीटर मुरतं, बाकीचं वर साचतं, मुळांना हवा मिळत नाही आणि जमीन चिबडते.

पश्चिमेला राधानगरी, पन्हाळ्याकडं जा, दगड तोच पण माती तांबडी. तिकडच्या धो धो पावसानं सिलिका आणि क्षार वाहून नेले, मागं राहिलं केओलिनाइट हे चिकणमातीचं दुसरं खनिज आणि लोहाची ऑक्साइडं. केओलिनाइटच्या थरांत पाणी शिरत नाही, म्हणून ती माती फुगत नाही. तालमीच्या हौद्यात तांबडीच माती का, याचं निम्मं उत्तर मला इथंच दिसतं. ओल्या काळ्या मातीत पैलवानाचा पाय सुटणार कसा?

म्हणजे काळी माती बिघडलेली नाही. अन्नद्रव्यं आणि पाणी धरून ठेवण्यात तिचा हात कुणी धरणार नाही. तिला हवी आहे रवाळ घडण, ज्यात बारीक कण एकमेकांना चिकटून छोटे दाणे होतात आणि दाण्यांमधून हवा खेळते. हे चिकटवण्याचं काम जिवाणूंचे चिकट स्राव, बुरशीचे धागे, मुळं आणि गांडुळं करतात, आणि या सगळ्यांचं खाणं म्हणजे सेंद्रिय पदार्थ. रंग काळा म्हणून तो भरपूर असेल असं वाटतं, पण आपल्या बहुतेक काळ्या जमिनींत सेंद्रिय कर्ब एक टक्क्याच्याही खाली असतो.

काम सुरू करायला एप्रिल चांगला. माती कोरडी असताना टिकावानं खणून मोठी ढेकळं तशीच उन्हात पडू द्यावीत, फोडत बसू नये. वळवाचा पाऊस आला की तापलेल्या ढेकळात पाणी झपाट्यानं शिरतं, एक भाग फुगतो, दुसरा अजून कोरडा असतो, आत कोंडलेली हवा दाब देते आणि ढेकूळ आपोआप विरतं. दोन-तीन वळीव झाले की खुरप्यानं मोडेल अशी माती मिळते. याच वेळी बांधकामाचे विटांचे तुकडे, सिमेंटची ढेपं आणि घराच्या पायाच्या खोदाईतून वर आलेला मुरूम वेचून काढावा.

मग दोन ते तीन इंच जाडीचा कुजलेल्या खताचा थर देऊन वरच्या सहा-आठ इंचांत मिसळायचा. दहा बाय दहा फुटांच्या वाफ्याला तीन इंचांसाठी पाव ब्रास खत लागतं. शेणखत उत्तमच, पण साखर कारखान्यांच्या मुलखात राहून प्रेसमडचं, म्हणजे उसाचा रस गाळून उरलेल्या गाळाचं, कंपोस्ट विसरू नये. ताजी प्रेसमड मात्र कुजताना तापते, ती थेट घालू नये. उसाचं पाचट किंवा कच्चं चिपाडही मातीत गाडू नये. त्यात कर्ब फार आणि नत्र अगदी कमी, त्यामुळे कुजवणारे जिवाणू मातीतलं नत्र ओढून घेतात आणि रोपं पिवळी पडतात. पाचट वर आच्छादन म्हणून अंथरावं, तिथं त्याच्यासारखं दुसरं नाही.

चुना घालू नये, आपल्या काळ्या मातीत तो बहुधा आधीच असतो. जास्वंद, मोगरा, लिंबाची नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसतात ते बऱ्याचदा चुन्यामुळे लोह मिळत नाही म्हणून. जिप्समचा उपयोग चोपण, म्हणजे सोडियम साचून बिघडलेल्या, जमिनीत. तिथं सोडियममुळे कण सुटे होतात आणि जिप्सममधलं कॅल्शियम त्याला हटवतं. माती परीक्षणात सामू (पीएच) ८.५ च्या वर आणि विनिमययोग्य, म्हणजे मातीच्या कणांना चिकटलेला, सोडियम १५ टक्क्यांहून जास्त आला तरच त्यावर पैसे घालावेत.

सगळ्यात महत्त्वाचा वाफसा, म्हणजे माती ना चिकट ना कोरडी, काम करण्याजोगी ओल असलेली. मूठभर माती दाबून छातीच्या उंचीवरून टाकावी. भुगा होऊन पसरली तर वाफसा आहे, गोळा तसाच राहिला तर फावडं बाजूला ठेवावं. ओल्या काळ्या मातीत एक दिवस पाय तुडवले तर वर्षाची घडण मोडते. जूनमध्ये हिरवळीच्या खतासाठी ताग पेरला तर दीड महिन्यात फुलावर येतो, त्याची मुळं खोल वाटा पाडतात. पुस्तकात तो गाडायला सांगतात, पण जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापुरात वाफसा सापडणंच कठीण. तेव्हा कापून जागेवर पसरून द्यावा, खालचं काम गांडुळं करतील.

लागवड दसऱ्याच्या सुमाराला, आजूबाजूच्या जमिनीपेक्षा आठ-दहा इंच उंच वाफ्यावर. झाडासाठी खोल खड्डा काढून त्यात विकतची हलकी माती भरू नये. चोपून बसलेल्या काळ्या मातीतला असा खड्डा म्हणजे सिमेंटची टाकीच, पाणी आत येतं आणि बाहेर जायला वाट नसते. पपई त्यात पहिल्या पावसाळ्यातच सडते. खड्ड्याच्या गुळगुळीत झालेल्या भिंती टिकावानं खरवडाव्यात, काढलेलीच माती थोडं खत मिसळून परत भरावी आणि रोप जरा उंचवट्यावर लावावं. कडुनिंब, करंज, चिंच यांना या मातीचं वावडं नाही. फक्त मोठं झाड कंपाउंडच्या भिंतीला खेटून नको, कारण मुळांनी पाणी ओढलं की तिथली माती जास्त आकसते आणि भिंतीला तडा जातो.